आत्याच्या इन्व्हर्टरला लावलेली माझी जुनी बॅटरी

कॅम्परवाल्यांनो, माझ्या फिरत्या घरात, म्हणजे गाडीत, नवी लिथियम बॅटरी बसवली म्हणून परवा इथंच फोटो टाकून लय मिरवलो. आज त्याच तोंडानं हे लिहितोय.

काढलेली जुनी बॅटरी बाद झाली होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. भंगारवाल्याकडं न्यायचा कंटाळा केला आणि आज सकाळी मेढ्याला आत्याच्या इन्व्हर्टरला लावून दिली. "चांगली हाय," असंही म्हणालो. आत्यानं बॅटरीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि शेजारणीला हाक मारून दाखवली. "माझ्या भाच्यानं दिली बघ!"

दुपारी जेवायला बसलो आणि लाईट गेली. पंखा जरासा फिरला आणि थांबला. बाहेर माझ्या गाडीतला फ्रीज मात्र मजेत चालू होता.

आत्या पदरानं मलाच वारा घालत म्हणाली, "माझ्या घरची वायरिंगच जुनी हाय रं. तुझ्या बॅटरीचा काय दोष न्हाई."

आणि मी म्हणालो, "व्हय आत्या, वायरिंगच असंल."

उद्या नवी बॅटरी घेऊन परत जातोय. ती बसवायला मला येते. पण दारात गेल्यावर तोंड कसं उघडू, ते कुणीतरी सांगा.