इथे कोण कशाला येईल

मी मासे घेताना कल्ला उचलून बघते, चिरे घेताना एकावर एक वाजवून बघते आणि गोड बोलणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहते. आमच्या घराण्यात सगळे असेच. वडील तर घरी आलेली लग्नपत्रिकासुद्धा उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, "आपल्याला का बोलावलं असेल बरं?" हा स्वभाव घेऊन मी रत्नागिरीत सरकारी विद्यापीठाच्या अभियांत्रिकी संकुलात स्थापत्य विभागाची प्रमुख झाले आणि प्राध्यापक निवडण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. चोराच्या हाती किल्ल्या देणं परवडलं, पण संशयी बाईच्या हाती निवड देऊ नये, असं आमच्या कार्यालयातले लोक माझ्यामागे म्हणत असणार. पुढ्यात कोणी म्हणालं नाही.

जागा होती माती आणि पाया शिकवणाऱ्या सहायक प्राध्यापकाची. ती वारंवार भरली आणि वारंवार रिकामी झाली. येणारा प्रत्येक जण मुलाखतीत सांगायचा, मला समुद्र फार आवडतो, कोकणासाठी काहीतरी करायचंय, इथून कुठे जाणार नाही. मग पुण्या-मुंबईत जागा निघाली की अर्ज करायचा आणि निरोपाच्या चहाला डोळे पुसायचा. एकाने तर भाड्याच्या घराला पडदेसुद्धा लावले नव्हते. मी त्याच्या घरी चहाला गेले होते तेव्हाच मला कळलं होतं. या वेळी मात्र वरून स्पष्ट सांगण्यात आलं होतं की जागा भरली नाही तर रद्द होईल, आणि तिच्याबरोबर आमची मातीची प्रयोगशाळा आणि संशोधन केंद्र बंद होईल. ती प्रयोगशाळा मी उभी केली होती. तिच्यातलं एकेक यंत्र कुठल्या ट्रकमधून उतरलं ते मला आठवतं. त्यामुळे मला नुसता माणूस नको होता, टिकणारा माणूस हवा होता.

अर्ज आले ते नेहमीसारखेच होते. त्यात एक अर्ज मात्र असा होता की तो वाचून आम्ही सगळे सावध झालो. मुलगी देशातल्या नामवंत संस्थेतून डॉक्टरेट झालेली, नंतर परदेशात संशोधन केलेलं, शोधनिबंध भरपूर. मूळ गाव दापोली तालुक्यातलं बुरोंडी. एवढी शिकलेली मुलगी आणि ती रत्नागिरीत येणार? आस्थापना विभागातल्या बाई म्हणाल्या, "कुठेतरी भांडून आली असणार, बघा तुम्ही." आमच्या विभागातले ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "रुजू होईल आणि लगेच लांब रजा टाकून परदेशी जाईल. जागा अडवून ठेवायची असेल." माझा अंदाज वेगळा होता. मला वाटलं, हिच्यामागे कोणीतरी मोठा माणूस आहे, एक-दोन दिवसांत फोन येईल.

फोन आले. दुसऱ्या उमेदवारांसाठी आले, कोणाचा भाचा, कोणाची सून, कोणाचा कार्यकर्ता. हिच्यासाठी कोणाचाच आला नाही. तेव्हा तर मला जास्तच शंका यायला लागली. ज्याच्यासाठी कोणी फोनसुद्धा करत नाही त्याच्यात काहीतरी खोट असणार, असं मला अगदी मनापासून वाटलं. मला तेव्हा हसू आलं नाही. आता येतं.

त्याच आठवड्यात माझा मुलगा फोनवर सहज बोलून गेला. तो पुण्यात कंपनीत आहे. म्हणाला, "आई, तिकडेच परत येऊ का मी?" मी ताबडतोब विचारलं, "का? काय झालं?" तो हसला, काही नाही म्हणाला आणि जेवलीस का वगैरे विचारून त्याने फोन ठेवला. त्याची नोकरी तर गेली नाही ना, या काळजीत मी दोन दिवस होते. त्याच्या मित्राच्या आईला आडून आडून विचारूनही घेतलं. नोकरी जागेवर होती. मग मी विषय सोडून दिला.

अर्जांबरोबर आलेल्या शिफारसपत्रांवर आमच्यापैकी कोणाचाच भरवसा नव्हता. परदेशातली पत्रं सगळ्यांचीच कौतुकाने भरलेली असतात. आमच्याकडे माणूस पारखायची रीत एकच, आणि ती म्हणजे स्थळाची करतात तशी चौकशी. कोणाची तरी मेहुणी, कोणाची तरी आत्या जवळच्या गावात दिलेली असते, तिच्यामार्फत घरदार, वागणूक, शेजारीपाजारी सगळं काढायचं. ज्येष्ठ प्राध्यापकांची मेहुणी आंजर्ल्याला दिली आहे. ते म्हणाले, "मॅडम, या रविवारी सौ.ला घेऊन कड्यावरच्या गणपतीला जातोच आहे. येताना बुरोंडीला डोकावतो." मी नको म्हणायला हवं होतं हे खरं, पण मलाही माहिती हवीच होती. एवढंच बजावलं की निवडीचं काम गोपनीय असतं, का आलात ते कोणाला सांगू नका.

सोमवारी ते तोंड पाडून आले. दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, अवघड आहे. मुलगी भयंकर तापट आहे म्हणे. मोठ्यांचा मान ठेवत नाही. दोन ठिकाणी गेली, टिकली नाही. पोटाचं कसलंतरी जुनं दुखणं आहे, ते घरचे झाकून ठेवतात. आणि वयही लपवतात."

खरं सांगते, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. खोट सापडली होती. पण ते शेवटचं वाक्य चपलेत खडा जावा तसं मला टोचत राहिलं. प्राध्यापकाच्या जागेसाठी वय कोण आणि कसं लपवेल? दहावीच्या दाखल्यापासून सगळी कागदं आमच्याकडे आलेली होती.

"तुम्हाला हे कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"तिच्या चुलत काकांनीच. अगदी घरातलं माणूस. लागूनच वाडी आहे त्यांची नारळीची."

"आणि तुम्ही कोण, का आलात, ते काय सांगितलंत?"

"काही नाही. तुम्हीच म्हणालात ना, गोपनीय. नुसतं म्हटलं, या मुलीची जरा माहिती हवी होती."

"वहिनी बरोबर होत्या?"

"होत्या की. चांगली साडी नेसली होती, देवळातून आलो होतो ना. मुलीच्या आईलाही भेटलो, तिने चहा केला, पोहे केले. फार अगत्याची बाई."

मी कपाळाला हात लावला. प्रौढ जोडपं, बाईच्या अंगावर रेशमी साडी, रविवारची चहापोह्यांची वेळ, अविवाहित मुलीची चौकशी आणि कारण विचारलं तर दोघंही गप्प. बुरोंडीतच काय, कोकणातल्या कुठल्याही गावात लोकांनी काय समजायचं? आणि वाडीला वाडी लागून असलेला चुलत काका म्हणजे मधला गडगा, हद्दीची दगडी भिंत, आलाच. गडग्यावरून वाद नाही अशी भावकी मी अजून पाहिलेली नाही. काकांनी जे केलं त्याला आमच्याकडे भांजी मारणं म्हणतात. ठरत आलेलं लग्न एका वाक्यात मोडायचं. तापट आहे, दुखणं आहे, वय लपवतात, ही त्याची ठरलेली वाक्यं. माझ्या धाकट्या बहिणीचं स्थळ असंच मोडलं होतं. आमच्याच एका नातलगाने मुलाकडच्यांना सांगितलं की हिला फिट येतात. तिला साधी चक्करही कधी आली नव्हती. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात पाट्यावर खोबरं वाटून झालं तरी वाटत बसली होती. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

हे सगळं मी ज्येष्ठ प्राध्यापकांना सांगितलं. ते पांढरेफटक पडले. मला वाटलं, गैरसमज झाला म्हणून वाईट वाटलं असेल. पण ते म्हणाले, "मॅडम, मी काल रात्रीच मुंबईच्या तज्ज्ञांना फोनवर सांगून टाकलं."

मुंबईचे तज्ज्ञ म्हणजे निवड समितीवरचे बाहेरचे विषयतज्ज्ञ. त्यांच्या शब्दाला वजन होतं. अशी चौकशी केल्याची कबुली फोनवर देणं जिवावर आलं, म्हणून मी त्यांना आधी काही कळवलं नाही. मुलाखतीच्या दिवशी ते आले तेच मुलीला पाडायचं ठरवून. ती आत आली तेव्हा मीही तिच्याकडे नीट बघून घेतलं. साधा सुती ड्रेस, पायात चपला, बोलणं शांत. फळ्यावर तिने पावसात डोंगर का खचतो ते समजावलं. तिचं अक्षर टपोरं होतं आणि मागच्या बाकावरच्या मुलांनाही वहीत उतरवून घ्यावंसं वाटेल असं होतं. मी मात्र मनात म्हटलं, शिकवणं तर सगळ्यांनाच एक तास छान जमतं.

मग तज्ज्ञांनी सुरुवात केली. "प्रकृती कशी असते आपली?"

ती गोंधळली. "बरी आहे, सर."

"जुनं काही दुखणं?"

"नाही, सर."

"आधीच्या ठिकाणी टिकला नाहीत म्हणून कळलं."

"दोन्ही कामं ठरावीक मुदतीची होती. मुदत संपली."

"मग इतकं सगळं सोडून इथे कशाला येताय?"

ती म्हणाली, जांभ्या मातीवर माझं काम आहे, तिकडे नमुने मागवून अभ्यास करावा लागतो, इथे पायाखाली आहे. तज्ज्ञ खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "ते अर्जात लिहायला ठीक आहे. खरं सांगा."

तिचा चेहरा लाल झाला. काका म्हणाले होते तेवढी तापट ती नसेल, पण राग तिला येत होता हे मला दिसलं. "घरी यायचंय, सर," ती म्हणाली. "एवढंच आहे. यात लपवण्यासारखं काय आहे?"

मला त्या वाक्यावरही विश्वास बसत नव्हता. म्हणून मी माझा नेहमीचा प्रश्न टाकला. पुढच्या वर्षी पुण्यात जागा निघाली तर काय कराल? आजवर प्रत्येकाने यावर मान हलवून सांगितलं होतं, छे, कधीच जाणार नाही. ही म्हणाली, "मॅडम, आत्ता सांगता येणार नाही. जायचं मनात नाही. पण इथे काम करू दिलं नाहीत तर जाईन."

ती बाहेर गेल्यावर तज्ज्ञांनी तिच्या नावावर फुली मारायची तयारी केली. मी थांबवलं आणि रविवारची हकिगत सगळी सांगितली. गडगा, रेशमी साडी, पोहे, भांजी, काही सोडलं नाही. ज्येष्ठ प्राध्यापक खाली मान घालून बसले होते. समितीचे अध्यक्ष घाटावरचे. ते आधी हसले, मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडं प्राध्यापक नेमायचा तर मुलगी बघून येतात?" मग त्यांनी हसणं थांबवलं आणि तज्ज्ञांकडे बघितलं.

तज्ज्ञ जरा वरमले, पण सोडायला तयार नव्हते. "ठीक आहे, ते खोटं धरू. पण ती घरी यायचंय म्हणते, यावर तुमचा विश्वास आहे का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नाही," मी म्हटलं. "पण तिने शपथ घेतली नाही, यावर माझा विश्वास आहे. बाकीच्यांनी घेतली होती."

तिची निवड झाली. प्रयोगशाळा वाचली. तरी ती रुजू होईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. दुसरीकडे जास्त चांगलं मिळालं असं ती कधीही कळवू शकते, असं वाटून मी तिच्या टेबलावरची धूळही पुसून घेतली नव्हती.

ती आली. बरोबर आई होती, हातात ओल्या काजूगरांचा डबा. मुलगी कार्यालयात सह्या करत होती तेवढ्यात आई माझ्याजवळ सरकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, एक विचारू? कड्यावरच्या गणपतीला येऊन आमच्याकडे आलेला ता जोडपा तुमच्याच इथला ना? मी मघाशी बाहेर बघितला त्या सरांना. त्यांनी पुढे कायच कळवला नाय. मुलगा काय करतो त्यांचा?"

मला खोटं बोलणं जमलं नाही. सांगितलं, मुलासाठी नाही आले होते ते. या नोकरीसाठीच चौकशी करायला आले होते, ही खरंच इथे येणार का ते बघायला.

आईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिली. तिने इतके दिवस वाट बघितली होती, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "पण तिनं तर लिहून दिलेला ना, येते म्हणून? मग चौकशी कशाला केलात?"

मुलगी बाहेर आली आणि आम्ही तिघी प्रयोगशाळेकडे गेलो. यंत्रं दाखवली. आई प्रत्येक यंत्राला लांबूनच नमस्कार करत होती. मुलगी लगेच एकाची झडप उघडून आत बघायला लागली, आणि झडप नीट बसत नाही म्हणून मला दोन शब्द सुनावलेसुद्धा. मला ते आवडलं.

घरी आल्यावर त्यांनी दिलेले काजूगर सोलता सोलता, मग चौकशी कशाला केलात, हा त्या आईचा प्रश्न डोक्यातून जाईना. हात धुतले आणि पुण्याला मुलाला फोन लावला. म्हटलं, "त्या दिवशी तू परत येऊ का म्हणालास ना. ये की. तुझी खोली आहे तशीच आहे."



"का?" तो म्हणाला. "काय झालं? तुझी तब्येत बरी आहे ना?"

"मला काय होतंय? नुसतं म्हटलं, ये."

तो म्हणाला, "आई, खरं सांग."