शिरोरेघेतला खळगा

आमच्या धंद्यात रेघ डोळ्यानं तपासतात. उजवा डोळा मिटायचा, डाव्यानं नेम धरल्यासारखं बघायचं आणि शिरोरेघ कुठं दबली, कुठं चढली ते सांगायचं. जुन्नरमध्ये हातानं पाट्या रंगवणारे आता दोघं-तिघंच उरलोत, बाकीच्यांना फ्लेक्सनं घरी बसवलं. उरलेल्यांत माझी रेघ सगळ्यात सरळ, असं मी स्वतःच गावभर सांगत असे. तेव्हा पुढची फजिती माझीच व्हायला हवी होती.

पावसाळ्याच्या शेवटी मंचरच्या एका कापडवाल्या शेठजींची पाटी माझ्याकडे आली. मूळचं राजस्थानातलं जैन घर, पण तीन पिढ्या इथंच, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. फ्लेक्स एका उन्हाळ्यात विटतो म्हणून त्यांना रंगवलेलीच पाटी हवी होती. निळा पत्रा आणि त्यावर 'वस्त्रभांडार' हा एकच शब्द. मी आणि बायको दोरी धरून अक्षरं आखून आलो. आखायचं काम माझं, रंग भरायला ती, आणि शेवटची शिरोरेघ पुन्हा माझी. दुसऱ्याच दिवशी मी तापानं आडवा झालो.

डेंग्यू निघाला. अंग ठेचून काढल्यासारखं, आणि डोळ्यांच्या मागे अशी कळ की नजर इकडची तिकडं फिरवायची धास्ती. दवाखान्यात सलाईन, घरी पपईच्या पानांचा रस. तो इतका कडू होता की प्लेटलेट त्याच्या भीतीनंच वाढल्या असाव्यात. सातव्या दिवशी ताप गेला. ताप गेला म्हणजे आजार गेला, अशी आमच्याकडची समजूत. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात लाल डाग उमटला होता, तो बघून बायको म्हणाली, "तुमचं डोळं आल्यात." आळीतल्या सगळ्यांनी तेच ठरवलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. मी काळा गॉगल लावला आणि दोन दिवसांनी तिला घेऊन मंचरची एसटी धरली.

तिनं अक्षरं भरली, मी शिरोरेघ भरली. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपाशी जाऊन गॉगल काढला, उजवा डोळा मिटला. 'भां'वर रेघ दबली होती, चांगली बोटभर. मी पुन्हा शिडीवर चढलो, मधला भाग वरून वाढवला, खालून पुसून घेतला. परत टपरी. अजून थोडी दबलेलीच. परत शिडी. तिसऱ्या खेपेला रेघ सुतासारखी सरळ झाली आणि मी चहा मागवला.

"आवं, मधीच वर गेलीय ती," बायको म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं."

तेवढ्यात शेठजी बाहेर आले. मान वर करून बराच वेळ बघत राहिले. "पेंटर, अनुस्वाराला लेण्याद्रीच्या पायऱ्या चढायला लावल्यात की काय?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, कापड मोजणं वेगळं आणि रेघ बघणं वेगळं. चहावाला त्यांच्या बाजूनं बोलला तर त्यालाही दोन शब्द ऐकवले. बायको वाद घालत बसली नाही. तिनं पिशवीतली पांढरी दोरी काढली, शिडीवर चढून पत्र्याच्या एका कडेच्या खिळ्याला बांधली आणि दुसऱ्या कडेला जाऊन ताणून धरली. "आता बघा."

मी टपरीच्या पायरीवरून डाव्या डोळ्यानं बघितलं. दोरी मध्ये खाली आलेली.

"ताण की नीट."

"ताणलीय. आनखी ताणली तर तुटंल."

मी दोरीच्या उजव्या टोकाकडे बघितलं. ती तिथं वाकली. डाव्या टोकाकडे बघितलं, तर तिथं. खळगा माझ्या नजरेबरोबर चालत होता. मग मी डावा डोळा मिटून उजवा उघडला. दोरी सरळ होती आणि तिच्यावर माझी शिरोरेघ उंटाच्या पाठीसारखी उभी होती. इतका मी तापातही घाबरलो नव्हतो.

शेठजींनीच त्यांच्या गाडीवर बसवून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी आधी तापाचं विचारलं, मग डोळ्यात औषध घालून तपासलं, पुण्याहून डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो काढून आणायला लावले. डोळे आलेबिले नव्हते. डेंग्यूनं पडद्याच्या ऐन मध्यावर सूज आली होती. ताप उतरता उतरताच हे होतं, म्हणाल्या. "बहुतेकांची नजर काही आठवड्यांत सुधारते. काहींच्या नजरेत दोष राहतो. तुमचं आज सांगता येणार नाही." गोळ्या दिल्या आणि चौकटींचा एक कागद दिला, रोज एकेका डोळ्यानं बघायला. घरी तो भिंतीवर लावला. मधल्या चौकटी रोज वाकड्या दिसायच्या आणि मी रोज बायकोला विचारायचो, कागद भिजला होता का.

पाटी तशीच राहिली. दुसऱ्या पेंटरकडून नीट करून घ्या, असं मीच सांगितलं, तेही पडेल आवाजात. शेठजी म्हणाले, "तुमचा डोळा बरा झाला की तुम्हीच या. तोवर असू दे टेकडी." गिऱ्हाइकं एकमेकांना वाकड्या पाटीचं दुकान असा पत्ता सांगू लागली. दर तपासणीनंतर मी टपरीपाशी उभा राहून उजवा डोळा मिटायचो. सगळ्या मंचरला वाकडी दिसणारी पाटी माझ्या डाव्या डोळ्याला तेवढी सरळ दिसायची. इतकी सरळ पाटी मी जन्मात रंगवली नव्हती आणि कुठल्या पाटीचा इतका रागही आला नव्हता. हात शाबूत, ब्रश शाबूत, पण रेघ बघणारा डोळाच गेला तर मी कसला पेंटर, हे मी कुणाला बोललो नाही. बायकोला न सांगताच कळलं असावं, कारण त्या दिवसांत ती माझ्याशी एकदाही भांडली नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी तसाच उभा राहिलो. उजवा डोळा मिटला. 'भां'वर काहीतरी चढलं होतं. डोळा पुसला, पुन्हा बघितलं. लहानशी, पण चांगली स्पष्ट टेकडी.

"वाकडी आहे गं," मी म्हणालो.

"आमी कवाधरनं त्येच सांगतोय," बायको म्हणाली आणि पदरानं स्वतःचे डोळे टिपायला लागली.

शेठजींनी आतून शिडी आणून भिंतीला लावली. मी म्हणालो, थांबा जरा, आणि उजवा डोळा परत मिटून माझी चूक पोटभर बघून घेतली.