वरच्या मजल्यावरच्या सरांचा नकाशा

मुलुंडच्या आमच्या इमारतीत कुणाच्या घरातला तवा, विळी किंवा खलबत्ता नाहीसा झाला, तर चोराचा संशय कुणीच घेत नसे. सरळ वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या सरांकडे चौकशी होई. ऐंशीनंतरची ती वर्षं. खनिजांचा धडा लागला की सर वर्गात सांगत, "लोखंड पुस्तकात नसतं रे. तुझ्या घरात कुठं आहे, ते घेऊन ये." त्या दिवशी पोळ्या आणि नवऱ्यांचे डबे उशिरा होत. समोरच्या मालवणच्या काकू जिन्यातून ओरडत, "माझो तवो खंय गेलो? मास्तरांक सांगा, घोवाक डबो देवचो आसा!"

वाऱ्यांचा धडा असला की कोणत्या खिडकीत कपडे आधी वाळतात ते पोरं बघून येत, आणि वाळत घातलेल्या चादरी त्यांच्या डोक्यावर पडत. एका वडिलांनी सरांना विचारलंच, "सर, परीक्षेत तवा येणार आहे का?" सर शांतपणे म्हणाले, "परीक्षा मार्चमध्ये संपते. तवा उरतो."

वस्तू परत करायला मात्र ते स्वतः येत, घासूनपुसून. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. वर रेडिओ चालू असे, तो ऐकण्यापेक्षा आवाजासाठी. आमच्या दारावर टकटक करून उंबऱ्याबाहेर उभे राहत. मी म्हणे, "आत या ना." "नको, निघतोच," असं म्हणून तिथेच अर्धा तास बोलत. माझी सकाळची कामं ठरलेली असत. मी भाजी निवडता निवडता हुंकार देई.

एकदा त्यांनी नकाशावाचन शिकवायला घेतलं. 'जिथं न विचारता शिरता येतं, त्या घरापर्यंतचा रस्ता काढा,' हा गृहपाठ. कुणी भांडुपच्या मामाचा काढला, कुणी अंधेरीच्या आत्याचा. माझ्या नीलिमाने वर्गात विचारलं, "सर, तुमचा?" सर म्हणाले, "माझा काढायचाय अजून."

घरी येऊन नीलिमाने मला हे सांगितलं, आणि मग मला दिसू लागलं. सर खाली येत, आमच्या उघड्या दाराशी थांबत, क्षणभर चौकटीकडे बघत आणि शेवटी टकटक करतच.

एका दुपारी मी पाठमोरी बसून धान्य निवडत होते. कुणीतरी आत आल्याची चाहूल लागली. मान न वळवता मी म्हटलं, "आलीस? चपला नीट ठेव आधी. रोज रोज काय सांगायचं गं."

मागे चपला नीट जोडून ठेवल्याचा आवाज झाला. चपला जरा मोठ्याच वाटल्या. वळून पाहिलं तर सर. चेहरा असा, जणू वर्गात पहिल्यांदाच उत्तर बरोबर आलंय. मी चहा टाकला. ते खुर्चीवर बसले आणि सावकाश चहा प्यायले. कप ठेवताना एवढंच म्हणाले, "रागावणं नकाशात कोणत्या खुणेने दाखवतात, बघायला हवं."

पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होऊन ते पुतण्याकडे राहायला गेले. टॅक्सीत सामान चढवताना मी त्यांना औषधं, चष्मा, पाण्याची बाटली, सगळं विचारलं. पुतण्याच्या घरी शिरताना टकटक करावी लागते का, हे विचारायचं मात्र राहून गेलं.