मगदूम साहेबांचा डबा

श्री. शंकरराव मगदूम यांना साठ वर्षे पूर्ण झाली, म्हणून गौरव समितीने माझ्याकडे लेख मागितला. खोटी स्तुती मला जमत नाही आणि साहेबांना ती चालत नाही. तेव्हा अडचण नाही.

आमची पहिली भेट शिरोळ भागातल्या साखर कारखान्यात, काँप्युटरच्या खोलीच्या दारात झाली. मी ऑपरेटर म्हणून रुजू होत होते, साहेब विभागप्रमुख. त्यांनी आधी चपला काढायला लावल्या, मग विचारले, "मशीन उद्या बंद पडलं तर काय कराल?" मी म्हणाले, दुरुस्तीला माणूस बोलावीन.

"तो मशीन दुरुस्त करील. आतली माहिती कोण देईल?"

आतली माहिती म्हणजे सभासदांच्या उसाच्या नोंदी. कोणाची तोड आधी, हे त्यावरून ठरायचे. त्या गेल्या असत्या तर हंगामाच्या तोंडावर गावोगाव डोकी फुटली असती. म्हणून सगळ्या नोंदींची पूर्ण नक्कल फ्लॉपींवर काढून ती कारखान्यापासून लांब ठेवायची, असा बेत साहेबांनी मांडला. त्यासाठी दोन दिवस बाकीचे काम थांबणार होते. अध्यक्ष भर सभेत म्हणाले, "मगदूम, नवी नवरी दारात उभी, आन तुम्ही तेराव्याचा मांडव घालताय व्हय?"

"अण्णा, कृष्णामाईनं कधी विचारून पाणी वाढवलंय का?"

परवानगी मिळाली.

जागा म्हणून माझे कोल्हापुरातले माडीवरचे घर सुचले. साहेब स्वतः पाहायला आले. भिंतींना हात लावून ओल पाहिली. पूर कुठवर येतो, घरात माणसे किती, सगळे विचारले. स्पीकरमधल्या लोहचुंबकाने फ्लॉपी बिघडतात, म्हणून रेडिओ कपाटापासून हलवायला लावला. एवढी चौकशी ऐकून आईने कांदेपोहे केले आणि मला साडी बदलायला पाठवले. साहेबांनी पोहे आवडीने खाल्ले आणि "आमची पसंती आहे" असे सांगून निघाले. आईची समजूत घालण्यात माझी संध्याकाळ गेली.

नक्कल तयार होऊन लाडवाच्या डब्यात बसली, तोच खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा करताना दादू शिपायांनी डबाही उघडला. झाकलेली वस्तू देवाला कशी दाखवायची, म्हणून एकेक फ्लॉपी पाकिटातून काढून ओल्या फडक्याने पुसली आणि तिच्या फटीत हळदकुंकू वाहिले. साहेबांचा नियम असा, की नक्कल परत वाचून पाहिल्याशिवाय ती नक्कलच नव्हे. सुटीनंतर वाचायला घेतली, तर मशीन नुसते खरखरले. दादूंचा चेहरा उतरला. साहेब एवढेच म्हणाले, "दादू, पूजा चांगली झाली. आता विसर्जन करा." आणि दोन दिवस बसून त्यांनी सगळी नक्कल पुन्हा काढली, वाचून पाहिली, डबा माझ्या घरी पोचवला.

हंगामाच्या तोंडावर विजेच्या झटक्याने मशीनची डिस्क गेली. नवी डिस्क आली, आणि साहेब डबा मांडीवर घेऊन कोल्हापूरहून जीपने परतले. सगळ्या नोंदी जशाच्या तशा उतरल्या. तोडीची पहिली यादी छापून निघाली, तेव्हा अध्यक्षांनी ती उलटसुलट पाहिली. "मगदूम, तेरावं टळलं म्हणायचं."

पुढच्या खंडेनवमीला अध्यक्षांनी डब्याची पूजा करण्याचा हुकूम सोडला. साहेबांनी रिकामा डबा दिला.

आजही ते ताज्या नकलेचा डबा ठेवून जुना न्यायला दर शनिवारी येतात. आधी डब्याची खुशाली विचारतात, मग आईची, मग माझी. त्यांचे गुडघे असेच धड राहोत, आमचा जिना त्यांना पुढची पुष्कळ वर्षे सोपा वाटो. पोहे आई अजून करते. आशा तिने सोडलेली नाही.