कापडी होल टॉवेल

पेशंटला भूल देताना आम्ही वापरतो तो वायू शेवटी बाहेरच्या हवेत जातो आणि हवा तापवतो. हे उशिरा कळलं, पण कळल्यावर मी मशीनवरचा वायूच्या प्रवाहाचा नॉब निम्म्यावर आणला. पेशंट तसाच गाढ झोपला. म्हणजे इतकी वर्षं आम्ही नुसत्या सवयीने उधळत होतो. तज्ज्ञ म्हणे!

कचऱ्याने मात्र दमवलं. एका हर्नियामागे पिशवी भरून प्लॅस्टिकची आवरणं, एकदा वापरायची आणि जाळायची. पूर्वी परळच्या आमच्या इस्पितळात कापडी होल टॉवेल असत, म्हणजे मधोमध भोक असलेलं हिरवं कापड. भोकातून ऑपरेशन चालायचं, बाकीचा पेशंट झाकलेला. ते धुऊन, वाफवून पुन्हा वापरायचे. फाटलं की तळमजल्यावरचे टेलरकाका ठिगळ लावत. काका आधी लालबागच्या गिरणीत होते, ती बंद पडेपर्यंत. प्रत्येक टॉवेल उजेडासमोर धरून बघायचे, सुईएवढं छिद्र दिसलं तरी बाजूला काढायचे.

मग प्लॅस्टिक आलं. शिवणखोली बंद झाली, काकांना केसपेपरच्या खिडकीवर बसवलं आणि तिथूनच ते रिटायर झाले. मी एकदाही डोकावले नाही. वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगते.

यंदा कापड परत आणायचं ठरलं. थिएटरची इनचार्ज मी, म्हणून ते माझ्याच गळ्यात. कापड मिळालं, पण ते तसं शिवणारं आणि तपासणारं कुणी मिळेना. शेवटी कॉटन ग्रीनला काकांच्या चाळीत गेले, धापा टाकत जिने चढले.

"चाय ठेव गो," काकांनी बायकोला सांगितलं. मी म्हटलं, या, चार बायकांना शिकवा. काकांचा चेहरा असा खुलला की मलाच बरं वाटलं.

"खोली तीच?"

"तीच."

"आणि माझी मशीन?"

आमच्याकडे दरवर्षी कंडम सामानाची यादी येते. मोडकी स्ट्रेचर, गंजलेल्या ट्रॉल्या, पानंच्या पानं. खाली जाऊन कोण बघतो? पान उलटायचं आणि सही ठोकायची. खोली रिकामी करताना कुणीतरी काकांची मशीन त्यात घातली होती. ती भंगारात गेली.

"चालू होती ओ ती," काका म्हणाले. "शेवटच्या दिवशीपण तेल घातलेलं मी. कंडम कोणी केली?"

खोटं बोलता आलं असतं. पण कंटाळा आला होता मला माझाच.

"मी. न बघता सही केली."

काकांनी बायकोच्या हातातून चहाचा कप घेतला.

"मग शिकवू कशावर? दातांनी शिवू?"

"नवी आणते, काका."

"आणा. येईन मी." त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "गिरणी कुणाच्या सहीने गेली ते काय कधी कळलं नाही, मॅडम. मशीनचं तरी कळलं."