मराठी येत होतं म्हणून

आजींनी घास थुंकला. माझ्या बाहीवर. मऊ भात, वरण, थोडं तूप. सकाळी मीच कुकर लावून डब्यात आणलेलं.

मग त्या ओरडायला लागल्या. "शिवली मला! हिला आत कुणी घेतलं? उठवा मला. आंघोळ घाला. उठवा!"

उठवणार कोण? डावी बाजू लुळी पडलेली. उजव्या हाताने चादर ओढत माझ्यापासून लांब सरकायला बघत होत्या. सरकता येत नव्हतं. नर्सिंग होमच्या सहा खाटांच्या त्या खोलीत त्यांचं मराठी कळणारी मी एकटी. बर्मी नर्स धावत आली. पलीकडच्या खाटेवरची चिनी म्हातारी मान वळवून बघत राहिली. ब्रदर जेरोम माझ्या शेजारी उभे होते, पाण्याचा पेला घेऊन.

"काय म्हणतात त्या?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी म्हणाले, "पोट भरलं म्हणतात."

असं बोलणं मी आधी ऐकलं नव्हतं असं नाही. पण त्याचं भाषांतर करायची वेळ पहिल्यांदा आली. आणि मी ते खोटं केलं. बोलल्या त्या, लाज मला वाटली. हेच आजवर सलतं.

मी एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, सिंगापूरला आलेली. बुओना व्हिस्टाला एका प्रयोगशाळेत काम, बिशानला कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये एक खोली. मूळची परभणीची. बौद्ध. इथल्या मराठी लोकांत मी नुसतं पहिलं नाव सांगायचे. कुणी "पुढे?" म्हटलं की हसायचे. हवेचं काहीतरी बोलायचे, घरभाडं किती वाढलं ते बोलायचे. गणपतीच्या जेवणात तसंच, ऑफिसच्या कँटीनमध्ये तसंच. मला ती हुशारी वाटायची.

प्रयोगशाळेतली ग्रेस, फिलिपिनो, मला फ्रान्सिस्कन ब्रदरांकडे, म्हणजे ख्रिस्ती संन्याशांकडे, घेऊन गेली. सहा जण एका घरात राहतात. तपकिरी झगा, कमरेला पांढरा दोर. स्वतःचं म्हणून कुणाचं काही नाही. पहाटे एकत्र प्रार्थना, एकत्र जेवण, भांडी घासायची पाळी फळ्यावर लिहिलेली. सगळ्यांत मोठे ब्रदरही घासतात. शनिवारी बाहेर पडतात. कुणी तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला, कुणी कामगारांच्या डॉर्मिटरीत, कुणी नर्सिंग होममध्ये. बरोबर आमच्यासारखे चार बाहेरचे. धर्म बदला म्हणतील अशी मला धास्ती होती. कुणी म्हणालं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला कांदे चिरायला दिले आणि स्वतः शेजारी बसून लसूण सोलला. कुठून आलीस, कोणाची, काही नाही. मी परत गेले ती त्यामुळे.

एकदा जेवताना मी दोरावरच्या तीन गाठींबद्दल विचारलं. ब्रदर जेरोम म्हणाले, "एक ब्रह्मचर्याची. एक आज्ञापालनाची. आणि एक गरिबीची. आम्ही तशी शपथ घेतो." ते सत्तरीचे, पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. गरिबीची शपथ घेता येते हे मला नवीन होतं. आमच्याकडे शपथ न घेताच मिळते. दुसऱ्यांची भांडी घासायची पाळीसुद्धा. ती कुठल्या फळ्यावर लिहावी लागत नाही.

आजींकडे मला त्यांनीच नेलं. "तुला मराठी येतं ना? एक आजी आहे तिथे. आधी इंग्रजी छान बोलायची म्हणे. आता सगळं गेलं, मराठी तेवढं राहिलं. दिवसभर बोलते. कुणालाच कळत नाही."

पहिल्या दिवशी आजी छताकडे बघत सारखं एकच म्हणत होत्या, "दार लावून घ्या. मांजर येईल. दार लावून घ्या."

मी म्हणाले, "लावलं हो आजी."

त्या गप्प झाल्या. मान वळवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. किती दिवसांनी कुणीतरी उत्तर दिलं होतं.

मग दर शनिवारी गेले. केस विंचरले. नखं कापली. नर्सिंग होमचं पॉरिज, म्हणजे तांदळाची पेज, त्यांना गिळवेना, म्हणून मोठ्या नर्सला विचारून घरून वरणभात नेला. त्या वाटीभर खायच्या. लिंबाचं लोणचं कसं घालायचं ते सांगायच्या, अर्ध्यात विसरायच्या, पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या. नवरा गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मुलाला भाऊजी म्हणायच्या. आपण पुण्यात आहोत असं त्यांना वाटायचं. वजन वाढलं असं नर्स म्हणाली तेव्हा मी बसमध्ये एकटीच हसत होते. शनिवारी दुपारी या शहरात आपलं कुणीतरी आहे असं वाटायचं.

त्या दिवशी तिसरा की चौथा घास होता.

"कुठली गं तू?"

"परभणीची."

"आडनाव काय?"

मी नेहमीसारखी हसून विषय बदलला असता. पण वाटलं, यांना आता काय कळणार. यांच्यापाशी तरी कशाला लपवायचं.

सांगितलं.

नवरा गेल्याचं विसरल्या होत्या. मुलाचं नाव विसरल्या होत्या. आपण कुठल्या देशात आहोत हे विसरल्या होत्या. जात विसरल्या नव्हत्या.

बर्मी नर्स त्यांना पुसायची, कपडे बदलायची. तमिळ अटेंडंट उचलून खुर्चीत बसवायचा. ब्रदर जेरोम, चिनी, पाणी पाजायचे. कुणाचंच त्यांना वावडं नव्हतं, कारण कुणालाच त्या काही विचारू शकत नव्हत्या. मला मराठी येत होतं. म्हणून मला विचारता आलं.

परतताना बसमध्ये ब्रदर जेरोम म्हणाले, "त्या पोट भरलं असं म्हणाल्या नाहीत."

मग मी सगळं सांगितलं. शिवणं म्हणजे काय, आंघोळ कशाला, आडनावावरून कसं कळतं. इंग्रजीत सांगताना ते जास्तच विचित्र वाटत होतं. ते ऐकत राहिले. मग त्यांच्या पंथाच्या संताची गोष्ट सांगितली. तरुणपणी त्याला महारोग्यांची किळस यायची. एक दिवस तो घोड्यावरून उतरला आणि एकाला जवळ घेतलं. तिथून त्याचं आयुष्य बदललं.

मी विचारलं, "त्या गोष्टीत मी कोण, ब्रदर?"

ते म्हणाले, "मला माहीत नाही."

खोटं बोलले नाहीत, एवढं खरं.

घरी येऊन आईला फोन केला. आई परभणीला सरकारी दवाखान्यात आया होती, निवृत्त होईपर्यंत. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "कशाला सांगितलंस गं आडनाव? भरवायचं आणि निघायचं."

"म्हणजे?"

"मी वॉर्डात सगळ्यांना पाटील म्हणूनच सांगायचे. पाटीलबाई, पाणी द्या. पाटीलबाई, भांडं द्या. नाहीतर निम्मे तहानलेलेच राहिले असते."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं आई रोज सकाळी दुसरं आडनाव घेऊन कामाला जायची आणि संध्याकाळी आपलं घेऊन घरी यायची. मला तिने कधी सांगितलं नाही. आणि मी न सांगता तेच शिकले होते.

पुढच्या शनिवारी आजींचा मुलगा खाली लॉबीत थांबला होता. पन्नाशीचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, इथलाच नागरिक झालेला. खूप नम्र.

"सॉरी हं. आईकडून कळलं मला. आईचं मनावर घेऊ नका. आम्ही घरात असलं काही मानत नाही."

मी म्हणाले, "ठीक आहे."

"पण प्रॉब्लेम असा झालाय की ती खातच नाहीये. कुणाच्याच हातचं. तुम्हीच भरवू शकता तिला. फक्त एक करा ना. तिला सांगा, ती मुलगी गेली, मी दुसरी. देशपांडे वगैरे काहीही सांगा. तिला काय कळतंय?"

"कळलं ना पण."

तो हसला. "अहो, नाव तर आहे. एवढं काय त्यात?"

"मग तुम्ही वर चला," मी म्हणाले. "तुम्ही त्यांच्याशेजारी बसा. माझं खरं आडनाव तुमच्या तोंडाने सांगा. आणि माझ्या डब्यातला पहिला घास तुम्ही खा, त्यांच्यासमोर. मग मी भरवते. रोज येऊन भरवते, ऑफिस सुटल्यावर."

त्याने घड्याळ बघितलं. "या वयात तिला कशाला त्रास?"

"आणि मला?"

मला त्रास होऊ शकतो हे त्याला पहिल्यांदाच सुचत असावं. सुचलं, आणि तिथेच थांबलं.

"मी येईन," मी म्हणाले. "पण माझ्याच आडनावाने."

"मग राहू दे," तो म्हणाला.

भेटायला येणाऱ्यांच्या यादीतून त्याने माझं नाव काढायला लावलं. काउंटरवरच्या मुलीने ते मला खाली मान घालून सांगितलं. डबा मी जवळच्या बस स्टॉपवर बसून एकटीने खाल्ला.

ब्रदर जेरोम जात राहिले. मी त्यांना चार वाक्यं शिकवली. दार लावलं. मांजर गेलं. पाणी घ्या. थोडं खा. ते वहीत इंग्रजी अक्षरांत लिहून घ्यायचे आणि चुकीचे उच्चार करायचे. आजींना कळायचं नाही. त्या पुन्हा छताशी बोलायला लागल्या होत्या, आणि आवाज बारीक होत चालला होता. ते मला दर आठवड्याला सांगायचे. मी विचारायचे म्हणून सांगायचे.

एकदा भांडी घासताना म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो, तर खोटं बोललो असतो. त्यांनी खावं म्हणून."

मी म्हणाले, "तुमच्यावर ती वेळच येत नाही, ब्रदर."

त्यांनी हातातलं पातेलं पुन्हा एकदा विसळलं.

आजी गेल्या. मुलाचा मेसेज आला. 'आई गेली. शेवटचे दिवस काहीच खाल्लं नाही. तुम्ही थोडं ॲडजस्ट केलं असतं तर कदाचित...' पुढे तीन टिंबं.

मी प्रयोगशाळेच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. त्याच्यासाठी नाही. एक बाई शेवटपर्यंत मराठीत बोलत होती आणि मी मेट्रोने अर्ध्या तासावर होते, त्यासाठी. आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "मी पाजलं असतं."

पाजलं असतं तिने. तिची चूक काढायची माझी लायकी नाही. पण आडनाव लपवून ती सूट तिने रोग्यांना आयुष्यभर दिली. घेणाऱ्यांपैकी एकालाही ती दिसली नाही.

आता मी पूर्ण नाव सांगते. कुणी विचारायच्या आधी. बोलावणी कमी झाली आहेत. बदललं काहीच नाही, आणि माझ्या हयातीत बदलेल असं मला वाटत नाही. आजींचं वाईट वाटतं, ते जाणार नाही. तरी उद्या दुसऱ्या कुठल्या खाटेवरून, भुकेल्या तोंडाने, माझ्याच भाषेत कुणी तो प्रश्न विचारला, तर मी घास हातात धरूनच उत्तर देईन. खरं देईन. खायचं की उपाशी राहायचं, ते त्यांनी ठरवावं.