लव्हाळ्याचा वाफा

खरं सांगायचं तर सिस्टरना भाजीत काडीचा रस नव्हता. बंद पडलेल्या शाळेच्या मैदानावर वस्तीतल्या लोकांनी मिळून शेती केली होती. रविवारी दोन तास राबायचं आणि जाताना भाजीचा वाटा न्यायचा, असा नियम. सिस्टर यायच्या त्या नवऱ्यासाठी. तीस वर्षं इस्पितळात लोकांची दुखणी काढली आणि निवृत्त होतात न होतात तोच दुखणं घरात येऊन बसलं. नवरा पाट्या रंगवणारा पेंटर. अख्ख्या बाजाराची नावं त्याच्या हातची, आणि आता स्वतःचं नाव विचारलं तर बायकोच्या तोंडाकडे बघायचा. सारखी दाराची कडी वाजवायचा, बाहेर पळायचा. सिस्टरचा डोळ्याला डोळा लागून महिने झाले होते. मातीत हात घातला की मात्र तो शांत व्हायचा, म्हणून ही यातायात.

आणि त्या रविवारी घात झाला. सिस्टरची पाठ वळली तेवढ्यात पेंटरनं कांद्याच्या रोपांच्या सहा ओळी गवत समजून उपटल्या. वर नीट जुड्या करून ठेवल्या. लोक चिडले. चिडणारच की, दीड महिन्याची मेहनत होती. कारभार कंडक्टरबाईंकडे. जन्मभर बसमधल्या माणसांशी हुज्जत घातलेली बाई, जीभ तिखट.

"सिस्टर, पुढच्या वेळी यांना घरीच ठेवा."

"घरी ठेवलं तर एक दिवस मी त्यांच्या तोंडावर उशी दाबेन," सिस्टर म्हणाल्या. "काल हातात घेतली होती. मला भाजी नको, बाई. मला इथले दोन तास द्या."

कंडक्टरबाईंनी पेंटरचा हात धरला आणि त्याला अवजारांच्या खोलीमागच्या वाफ्यावर नेऊन बसवलं. सगळा लव्हाळा माजलेला. मुळाशी गाठी असलेलं हे चिवट गवत कितीही उपटा, आठ दिवसांत पुन्हा हजर. तिथे एकही शहाणा माणूस तासभर टिकला नव्हता. पेंटर टिकला. मघापासून आपण हेच करतोय हे आठवलं तरच कंटाळा येणार ना! एकेक गाठ तो मुळापासून काढत राहिला.

"असाच माणूस हवा होता आम्हाला," कंडक्टरबाई म्हणाल्या. "रोज आणा. मी बसते यांच्याजवळ. तुम्ही आत पोत्यांवर आडव्या व्हा. विचारत नाहीये, सांगतेय."

सिस्टरना जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. दोन तास कधीच उलटून गेलेले. त्या धडपडत बाहेर आल्या. अर्धा वाफा साफ झाला होता आणि कंडक्टरबाई शेजारी बसून गाठी टोपलीत भरत होत्या.

"अहो," सिस्टरनी हाक मारली, "बरे आहात ना?"

पेंटरनं मान वर केली आणि मातीचं बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोला, ताई. आत माझी बायको झोपलीये. फार दमलीये बिचारी."

"बरं," सिस्टर हळूच म्हणाल्या, आणि परत आत जाऊन आडव्या झाल्या.